क्लिंक, क्लँक आणि किणकिण

इंग्रजी बोलीत तुरुंगाला नावं पुष्कळ: कॅन, कूलर, निक, स्लॅमर. त्यातलं ‘क्लिंक’ हे मुळात एका खऱ्याखुऱ्या तुरुंगाचं नाव. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला, साउथवर्क भागात, विंचेस्टरच्या बिशपच्या अखत्यारीत तो शतकानुशतकं होता. १७८० च्या गॉर्डन दंगलीत जमावाने तो जाळला, तो परत उभा राहिलाच नाही. नाव मात्र जगभरच्या कोठड्यांना चिकटलं. बेड्यांच्या आवाजावरून हे नाव पडलं, असं सर्रास सांगतात. गोष्ट झकास आहे, पण भाषातज्ज्ञांचं त्यावर एकमत नाही.

मला रस आहे तो त्या आवाजात. साखळीच्या कड्या एकमेकींवर आपटल्या की इंग्रज ‘क्लिंक’ म्हणतो, ‘क्लंक’ का म्हणत नाही?

धातूवर आघात झाला की तो किंचित वाकतो आणि परत येतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. वस्तू लहान तितकी ही कंपनं जलद. एखाद्या किल्लीची लांबी, रुंदी, जाडी सगळंच निम्मं केलं, तर तिची वारंवारता दुप्पट होते. म्हणून नाण्यांचा आवाज बारीक आणि देवळातल्या मोठ्या घंटेचा भरदार.

आता तोंडात काय होतं ते बघा. स्वरतंतू नुसतीच गुणगुण पुरवतात. तिला आकार देतात घसा आणि तोंड यांतल्या पोकळ्या. ‘इ’ म्हणताना जीभ पुढे टाळूकडे उचलली जाते आणि तिच्यापुढे अगदी थोडी जागा उरते. कळशी भरत आली की आतली हवा कमी होते आणि आवाज चढत जातो, तसंच इथेही: जागा लहान, अनुनाद (पोकळीत घुमणारा सूर) उंच. जीभ मागे सरकली की पुढची पोकळी मोठी होते आणि अनुनाद उतरतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेच्या पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ मध्ये अमेरिकन इंग्रजीतल्या स्वरांची मापं प्रसिद्ध केली. हा पुढच्या पोकळीचा अनुनाद खालून मोजला तर दुसरा, म्हणून त्याला ‘दुसरा अनुनाद’ म्हणतात. पुरुषांच्या आवाजात त्याची सरासरी ‘क्लिंक’मधल्या स्वराला १९९० हर्ट्झ, ‘क्लँक’मधल्याला १७२०, ‘क्लंक’मधल्याला ११९०. किल्ली, साखळदंड, जड अडसर अशी ही उतरंड! हे तीन शब्द ओळीने कुजबुजून पाहा. कुजबुजताना स्वरतंतू गप्प असतात, त्यामुळे उतरणारा सूर स्पष्ट कानावर येतो.

शब्दाच्या शेवटाचीही गंमत आहे. धातू कंपनांची ऊर्जा सहज गिळत नाही, त्यामुळे आघातानंतर नाद रेंगाळतो. अनुनासिकात तोंड बंद झालं तरी नाकावाटे आवाज चालूच राहतो, म्हणून ‘रिंग’, ‘डिंग’ यांना शेपूट मिळते. ‘क्लिंक’मध्ये ती ‘क’ने छाटली जाते. मराठीत हे काम ‘ण’ करतो: किणकिण, खणखण, टणटण. लाकूड ऊर्जा पटकन शोषतं, म्हणून ते नुसतं ‘ठक्’ किंवा ‘खट्’. तडा गेलेल्या भांड्यात तड्याच्या कडा एकमेकींवर घासून ऊर्जा खातात आणि ते ‘बद्द’ वाजतं, तिथे ‘ण’ नाहीच. ‘घणघण’मधला ‘घ’ सघोष, म्हणजे स्वरतंतू त्यात आधीच हलू लागतात आणि खालच्या वारंवारता मिसळतात. नाणी खणखणतात, घंटा घणघणते.

घंटेवरून आठवलं. ‘देवळातल्या घंटेचा नाद बरोबर सात सेकंद टिकतो आणि सात चक्रं जागी करतो’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप तुम्हालाही आला असेल. नाद किती टिकेल हे घंटेचा आकार, मिश्रधातू, टांगण्याची पद्धत आणि टोल किती जोराचा यावर ठरतं. शिवाय आजूबाजूला गोंगाट असेल तर तोच नाद लवकर संपल्यासारखा वाटतो. सातच सेकंद टिकायला घंटेला सांगतंय कोण?

अर्थात ध्वनी आणि अर्थाचं हे नातं म्हणजे नियम नव्हे, कल आहे. ‘बिग’मध्ये ‘इ’ असून अर्थ मोठा. ‘स्मॉल’मध्ये ‘ऑ’ असून अर्थ लहान. आपलंही तेच. घुंगरू एवढंसं, आवाज बारीक, आणि आपण म्हणतो ‘छुमछुम’! ‘उ’चा दुसरा अनुनाद तर ९०० हर्ट्झच्याही खाली जातो. माझा अंदाज, तिथे बारीकपणाचं काम ‘छ’ उरकतो, कारण त्यातलं घर्षण वरच्या वारंवारतांचं असतं. ‘रुणझुण’मधल्या ‘झ’लाही तोच न्याय लावता येईल. ‘रुण’ मात्र यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही.