फिलिपिनो कॉमेडीत राजकारण मार्कोस गेल्यावर आलं? छे!

जुन्या फिलिपिनो विनोदी पिक्चरांबद्दल एक गोष्ट सगळीकडे फिरत असते, की आधी नुसती पडापडी, तोंड वेडंवाकडं करणं, आणि पुढाऱ्यांची टर उडवायची हिंमत आली ती 1986 ला तिथला हुकूमशहा मार्कोस देश सोडून पळाल्यावर. साफ चुकीचं आहे हे.

1959 सालीच, म्हणजे मार्कोस राष्ट्राध्यक्ष व्हायच्या सहा वर्षं आधी, दिग्दर्शक मॅन्युएल कोंडेंनी 'हुआन तामाद गोज टू काँग्रेस' काढला होता. हुआन तामाद हा तिकडच्या लोककथेतला महाआळशी, पेरूच्या झाडाखाली आ वासून पडून राहणार, पेरू तोंडात पडेल म्हणून, अगदी 'दे रे हरी खाटल्यावरी', आणि आईने आणायला सांगितलेले खेकडे 'जा रे घरी' म्हणून रस्त्यात सोडून देणार! असल्या माणसाला कोंडेंनी थेट संसदेत पाठवलं, वेगळा टोमणा मारायची गरजच काय राहिली? बरं मार्कोसचा मार्शल लॉ (लष्करी कायदा) 1972 मध्ये लागला, तेव्हा सेन्सॉर कडक झालं हे खरंय, पण तो उठायच्या आधीच 1980 ला माइक दे लिऑनचा 'काकाबाकाबा का बा?' हा टोमणेबाज पिक्चर आला, त्यात कॅसेटमधून अफूची तस्करी, परदेशी माफिया, खोट्या नन आणि वर गाणीबिणी पण.