जुन्या गाडीचे दुखणे : भाग बदलण्यापूर्वीची तपासणी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जळगावच्या आमच्या गॅरेजात जुनी गाडी घेऊन येणारे अनेक ग्राहक दुखणे सांगण्याऐवजी थेट औषध सांगतात. कोणी ‘सेल्फ गेलाय, नवीन टाका’ म्हणतात, तर कोणी ‘एसीत गॅस भरून द्या, बाकी काही बघू नका’ असे बजावतात. यात त्यांची चूक नाही, कारण शेजाऱ्याच्या गाडीला तेच झालेले असते आणि तिथे तो भाग बदलल्यावर काम भागलेलेही असते. मात्र सात-आठ वर्षे वापरलेल्या गाडीत बिघाड एका ठिकाणी असतो आणि त्याची तक्रार बहुधा दुसऱ्याच ठिकाणी उमटते. त्यामुळे आम्ही कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करतो. ते कसे करतो आणि त्यातले आपल्याला घरच्या घरी काय पाहता येते, ते पुढे दिले आहे.

सकाळी सेल्फ मंद फिरणे

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मीटर लावला, तर पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ दिसले तर ती जवळपास निम्मी रिकामी झालेली असते. इंजिन चालू केल्यावर हा आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावा. तो १३ च्या पुढे सरकत नसेल तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याचा पट्टा तपासावा लागतो, आणि १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतले पाणी आटत आहे असे समजावे. इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग आपोआप कमी-जास्त करणाऱ्या अलीकडच्या गाड्यांना मात्र हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सेल्फ मारताना बॅटरीवरचा आकडा १० व्होल्टच्या बराच खाली गेला तर बॅटरी दमलेली असण्याची शक्यता अधिक असते. तो वर टिकून राहिला आणि तरीही सेल्फ कुंथत फिरला, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. चोपड्याहून आलेल्या एका छोट्या पेट्रोल गाडीत वर्षभरात दुसरी नवी बॅटरी बसलेली होती आणि मालक आता सेल्फ बदलायला आले होते. आम्ही मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारला, तेव्हा मीटरने १.४ व्होल्ट दाखवले. हा आकडा ०.२-०.३ च्या आत असायला हवा. गिअरबॉक्सवर आवळलेल्या अर्थिंगच्या केबलचे टोक सोडवले तेव्हा त्याच्याखाली हिरवट बुरशीसारखा थर सापडला. टोक घासून, स्वच्छ करून पुन्हा आवळले आणि तोच सेल्फ, त्याच बॅटरीवर, पहिल्या झटक्यात फिरला. दोन बॅटऱ्यांचा खर्च अक्षरशः एका बोल्टाखाली गेला होता.

उभ्या गाडीची बॅटरी दोन दिवसांत उतरत असेल तर चोरटा करंट शोधावा लागतो. गाडी लॉक करून अर्धा तास तशीच ठेवल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट वाहत असेल, तर आम्ही एकेका फ्यूजवरून त्याचा माग काढतो. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टीमशी किंवा जीपीएसच्या यंत्राशी जाऊन थांबतो.

गाडी गरम होणे

आपल्याकडे ही तक्रार होळीनंतर सुरू होते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत चालू राहते. कारण सोपे आहे. रेडिएटर आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि दोन्हींच्या तापमानात जितका फरक अधिक, तितकी ती लवकर जाते. इंजिनातले पाणी ९० अंशांवर आणि डिसेंबरची हवा २५ अंशांवर असताना हा फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर गेला की तो ४५ अंशांवर येतो. म्हणजे अर्धवट बुजलेला रेडिएटर हिवाळाभर निभावून नेतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. ‘काल-परवापर्यंत गाडी छान होती’ हे ग्राहकांचे म्हणणे खरे असते, फक्त बिघाड काल-परवाचा नसतो.

रेडिएटर दोन बाजूंनी बुजतो. आतून बुजण्याचे मुख्य कारण बोअरचे पाणी आहे. घरातल्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रावण) डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून भरावे किंवा तयार मिश्रण घ्यावे. वाटेत अडचण आली म्हणून साधे पाणी टाकावे लागले तर टाकावे, परंतु नंतर ते काढून टाकण्यासाठी गाडी जरूर आणावी. बाहेरून बुजण्याचे कारण कापूस आणि धूळ. जिनिंगच्या परिसरात किंवा शेतरस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीत एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत कापसाचे तंतू आणि काळी माती यांची अक्षरशः गोधडी तयार होते. समोरच्या जाळीतून ती दिसत नाही, कारण पुढे कंडेन्सर असतो. ती काढण्यासाठी रेडिएटर थोडा सैल करून इंजिनकडून बाहेरच्या दिशेने हलक्या दाबाने पाणी मारावे लागते. सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार फवाऱ्याने पात्या वाकतात आणि होती ती हवाही बंद होते.

रेडिएटरचे झाकण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे. साधे पाणी १०० अंशांना उकळते, पण झाकणाने सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की हा दाब सुटतो आणि धडधाकट इंजिनसुद्धा पाणी बाहेर फेकते. त्यानंतर आम्ही पंखा, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) आणि पाण्याचा पंप या क्रमाने जातो.

पाणी कमी होते परंतु जमिनीवर थेंब पडत नाही, अशी तक्रार असेल तर हेडचे पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, फुटल्याचा संशय घ्यावा लागतो. रेडिएटरच्या तोंडाशी निळे द्रावण भरलेली नळी लावून आम्ही ही परीक्षा करतो. पाण्यात इंजिनचा जळका वायू शिरत असेल तर द्रावणाचा निळा रंग बदलतो. हेड उघडण्याचा खर्च मोठा असल्यामुळे या परीक्षेशिवाय आम्ही तो सुचवत नाही.

औट्रम घाट चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर आधी एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण सुरू करावा; आत बसणाऱ्यांना ते नकोसे वाटेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा तरीही उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. गरम इंजिनचे झाकण उघडू नये आणि त्यावर गार पाणी ओतू नये. पहिल्याने हात-तोंड भाजते, दुसऱ्याने हेडला तडा जाऊ शकतो.

एसी

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. नव्या गाडीत भरलेला गॅस बंद नळ्यांमध्ये कित्येक वर्षे पुरतो. त्यामुळे दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर ती सेवा नसून गळती आहे. आम्ही नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावतो; खडा लागून कंडेन्सरला पडलेले सुईएवढे छिद्रही त्यात बुडबुडे देते. गळती बंद झाल्यावर गॅस वजन करूनच भरला जातो, कारण किती ग्रॅम भरायचा हे बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते आणि जास्त गॅसनेही गारवा कमीच होतो. गारवा आहे पण वारा येत नाही, असे असेल तर आधी केबिन फिल्टर काढून पाहावा. शेतातल्या गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर आम्हाला भुईमुगाची टरफले आणि उंदराचे घरटे कितीतरी वेळा सापडले आहे. असे घरटे दिसले की इंजिनची वायरिंगही तपासून घ्यावी, कारण उंदीर नुसते घरटे करून थांबत नाहीत.

चेक इंजिनचा दिवा

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की बिघडलेल्या भागाचे नाव पडद्यावर येते, हा गैरसमज आहे. गाडीच्या संगणकाला कोणती गोष्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर दिसली, एवढेच कोड सांगतो. पी ०१७१ हा कोड ‘हवा जास्त, पेट्रोल कमी’ असे म्हणतो. त्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु प्रत्यक्षात एअर फिल्टरपासून इंजिनपर्यंतच्या रबरी नळीला पडलेली चीर त्याला तितकीच कारणीभूत असू शकते. पी ०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग होत असल्याचे, म्हणजे इंधन नीट पेटत नसल्याचे सांगतो. तेव्हा आम्ही त्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल दुसऱ्यावर लावून पाहतो. कोड त्या दुसऱ्या सिलिंडरचा आला तर दोष कॉइलचा, नाही तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन यांच्याकडे वळावे लागते. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत यावे. तो लुकलुकत असेल तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरला जाळत असते, म्हणून गाडी थांबवून आम्हाला फोन करावा.

धूर आणि डिझेल गाड्या

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल अर्धवट जळते आहे किंवा हवा कमी पडते आहे. इंजिन तापल्यावरही येत राहणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळते आहे. थंडीच्या सकाळी दोन मिनिटे दिसणाऱ्या वाफेची चिंता करू नये.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ या प्रदूषण नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साठलेली काजळी स्वतः जाळून मोकळा होतो, परंतु त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढेच चालणाऱ्या गाडीत हे जळणे दर वेळी अर्ध्यावर तुटते. डीपीएफचा दिवा लागतो आणि कधी कधी काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून डिपस्टिकवरची पातळी वाढते. पातळी वाढली म्हणून समाधान मानणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत. ते ऑइल पातळ झालेले असते आणि लगेच बदलावे लागते. अशी गाडी आठवड्यातून एकदा धुळ्याच्या रस्त्याला वीस-पंचवीस मिनिटे एकसारखी चालवावी. ज्यांचे रोजचे फिरणे पाच-सात किलोमीटरचेच आहे, त्यांनी जुनी डिझेल गाडी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ब्रेक, क्लच आणि खडखड

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते आणि लांब उतारावर पेडल मऊ पडते. ते दर दोन वर्षांनी बदलावे. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क तपासावी. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी उठत नाही, असे होत असेल तर क्लच प्लेट घसरते आहे. लहान खड्ड्यात पुढून येणारी खडखड ही बहुधा लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या बुशची असते. शॉकअप त्यामानाने कमी वेळा दोषी निघतो, तरी सगळ्यात आधी तोच बदलला जातो.

जुनी गाडी घेण्यापूर्वी

समुद्राकाठी वापरलेल्या गाडीचा पत्रा खालून गंजलेला असू शकतो. खान्देशातली गाडी सहसा गंजत नाही, तिचे रबर मात्र लवकर मरते; म्हणून होज, बुश आणि टायर नीट पाहावेत. टायरच्या बाजूवर कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्यापूर्वी, चेक इंजिन, ऑइल आणि एअरबॅग हे दिवे लागलेच पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही तो विझवून ठेवलेला असू शकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का ते पाहावे; असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. विक्रेत्याने गाडी आधीच चालू करून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवून पाहावे आणि गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे, कारण थंड इंजिन जे बोलते ते गरम इंजिन लपवते.

गाडी आमच्याकडे आणताना

बिघाड केव्हा होतो ते लिहून आणावे: थंड असताना की तापल्यावर, एसी चालू असताना की बंद असताना, किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये. निदानाचे शुल्क आम्ही वेगळे घेतो आणि दुरुस्तीचा अंदाज लेखी देतो. आपला होकार मिळाल्याशिवाय भाग बदलत नाही आणि बदललेला जुना भाग आपल्या हाती परत देतो. सकाळी चालू न होण्याची किंवा थंड असताना आवाज येण्याची तक्रार असेल, तर गाडी आदल्या संध्याकाळी जुन्या बिलांसह आणून सोडावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहिला सेल्फ आम्हालाच मारता येईल.