चाकापाशी ग्रीस गळणं (मोटारगाडी)

चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर, मडगार्डच्या आत किंवा पार्किंगच्या फरशीवर काळपट चिकट डाग दिसला की त्याला नागपुरात सरसकट "ग्रीस गळून राहिलं" म्हणतात. त्यातलं खरं ग्रीस कोणतं आणि बाकीचं काय, ते कुठून आलं, हे ओळखण्याबद्दल ही नोंद आहे. कारण त्याच जागी ब्रेक ऑइल येऊ शकतं, शॉकअपचं (धक्के झेलणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरचं) तेल येऊ शकतं, मागच्या एक्सलचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) ९० नंबर ऑइल, म्हणजे गिअर ऑइल, येऊ शकतं, आणि उन्हाळ्यात तर नुसतं डांबरही असू शकतं. बूट, म्हणजे एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी कव्हर, फाटला असेल तर गाडी हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते, पण ब्रेक ऑइल असेल तर ती गेटच्या बाहेरसुद्धा काढायची नाही, म्हणून आधी ओळख पटवा, मग पान्याला हात लावा.

ग्रीस म्हणजे तेल आणि साबणाचा लगदा. साबण म्हणजे अंगाचा नाही, बहुतेक वेळा लिथियमचा, आणि स्पंज पाणी धरतो तसा तो तेल धरून ठेवतो. आता गैरसमज काय आहे तर मे महिना आला की अर्धे लोक म्हणतात उन्हानं ग्रीस पातळ झालं न् गळलं. साध्या लिथियम ग्रीसचा थेंब सुटायला १८० अंशांच्या आसपास तापमान लागतं. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दाखवले होते, नंतर हवामान खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण समजा ते ५६ खरे असते तरी ग्रीस जागचं हललं नसतं. ऊन ग्रीसला काही करत नाही, ते रबराला खातं. वर्षानुवर्षं तापून तापून रबर कडक होतं, घडीत तडकतं, आणि मग आतलं ग्रीस बाहेर यायला वाट मिळते.

दुसरी गोष्ट याहून कामाची आहे. ग्रीस टपकत नाही, ते फेकलं जातं. गाडी उभी असताना खाली थारोळं साचलं असेल तर ते ग्रीस नाही, कोणतं तरी तेल नाहीतर पाणी आहे. ग्रीस चाक फिरताना बाहेर उडतं, म्हणून त्याचा डाग बहुतेक वेळा फिरणाऱ्या वस्तूच्या रेषेत, पंख्यासारखा पसरलेला दिसतो. खेड्यातल्या जुन्या बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे, त्या चाकाच्या तुंब्याभोवती काळी कड यायची न् कोणी तिला बिघाड म्हणत नव्हतं. मोटारीत मात्र ग्रीस बंद जागेत असतं, ते बाहेर दिसलं म्हणजे कुठंतरी झाकण गेलं.

बूट

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत ही तक्रार सगळ्यात जास्त. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांची ओढ आपल्याकडे घरोघरी पोचली, त्याआधी ॲम्बेसेडर आणि पद्मिनी, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, त्यांच्या पुढच्या चाकाला फिरवणारं एक्सल नव्हतंच, त्यामुळे बूट फाटणं हा प्रकार जुन्या मिस्त्री लोकांना नंतर शिकावा लागला.

चाक वळलेलं असताना, खालीवर होत असताना त्याला एकसारखी गती द्यायची म्हणून एक्सलच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, बहुतेक गाड्यांत सहा गोळ्यांचा असतो. फोर्डमधला इंजिनिअर आल्फ्रेड रझेप्पा यानं १९२० च्या दशकात काढलेल्या रचनेवर तो आजही चालतो. आतला, गिअरबॉक्सकडचा, बऱ्याचदा तीन रोलरचा. प्रत्येकावर घड्या घड्यांचा रबरी किंवा प्लास्टिकसारखा बूट, दोन क्लिपांनी आवळलेला. म्हणजे गाडीला एकूण चार बूट झाले, आणि जास्त करून बाहेरचाच आधी जातो कारण स्टिअरिंग वळवलं की तो जास्त मुडपतो.

फाटला की दिसतं असं: रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर), शॉकअपच्या खालच्या भागावर, कधी कॅलिपरवर (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावर) काळं घट्ट ग्रीस एका पट्ट्यात उडालेलं. काळं दिसलं म्हणून जळालं असं समजू नका, या जॉइंटच्या ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, ते नवं असतानाही काळंच असतं. (ग्रीसच्या रंगावरून दर्जा ठरवणारे खूप भेटतात. लाल, निळा, पिवळा हा कंपनीनं घातलेला रंग आहे, बाकी काही नाही.) चिमटीत घेऊन चोळून बघा. मऊ लोण्यासारखं लागलं तर बूट नुकताच फाटला, जॉइंट वाचू शकतो. बोटांना कचकच लागली तर धूळ आत गेली आणि गोळ्यांनी खड्डे पाडायला सुरुवात केली.

आवाजाची खूण अशी. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवायचं आणि हळू रेस देत गोल फिरायचं, कट कट कट असा आवाज चाकाच्या वेगासोबत वाढला तर बाहेरचा जॉइंट गेला, आणि बहुतेक वेळा डावीकडे वळताना वाजला तर उजव्या बाजूचा. आतला गेला असेल तर वळताना नाही, सरळ जाताना रेस दिली की गाडी थरथरते. ग्रीस दिसतं पण आवाज नाही, ही सगळ्यात चांगली वेळ आहे, तेव्हाच गेलात तर बूट किट आणि ग्रीसच्या पिशवीवर भागतं. आवाज आल्यावर गेलात तर आख्खं एक्सल.

बूट फाटण्यात नागपूरच्या आसपासचं एक खास कारण आहे. शहरात सिमेंटचे रस्ते झाले, तिथं बूट म्हातारा होऊनच जातो. पण गाडी काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत किंवा हिवाळ्यात हुरड्याला शेतात घातली, की कापून नेलेल्या पऱ्हाट्यांचे (कापसाच्या झाडांचे) आणि तुराट्यांचे (तुरीच्या झाडांचे) खुंट जमिनीतून वर आलेले असतात, सुरीसारखे, गाडी त्यावरून गेली की बूट चिरतो. माझ्या स्वतःच्या गाडीचं असंच झालं. घरी आल्यावर दोन आठवडे काही कळलंच नाही, आणि एका गॅरेजवाल्यानं नुसतं पुसून "काही नाही, चिखल आहे" म्हणून परत पाठवलं. चिखल नव्हता. काळ्या मातीचं मात्र खरं आहे, पावसाळ्यात ती ग्रीसवर थापली जाते न् डाग पूर्ण झाकते, सुकली की ढेपा पडतात न् खाली पुन्हा काळं. म्हणून पावसाळ्यात बघायचं तर आधी पाणी मारून, सुकवून. प्रेशरचा पाइप मात्र थेट बुटाच्या क्लिपवर धरू नका, पाणी आत घुसतं.

क्लिप सैल झाली तरी थोडं ग्रीस झिरपतं, बुटाच्या अरुंद टोकाशी ओलसर कडं दिसतं आणि उडालेलं फारसं काही नसतं. याला नवीन क्लिप पुरते.

हब बेअरिंग आणि बॉल जॉइंट

हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा, त्यातल्या बेअरिंगचं ग्रीस आलं तर ते चाकाच्या मधोमध दिसतं. बुटाचं ग्रीस रिमच्या आतून येतं, बेअरिंगचं हबच्या टोपीतून बाहेरच्या बाजूनं, किरणांसारखं मधून कडेकडे. जुन्या गाड्यांमधलं टेपर बेअरिंग कोणी ठासून ग्रीस भरून बसवलं असेल तर पहिल्या काही किलोमीटरला थोडं बाहेर येतंच, त्याचं टेन्शन घेऊ नये. नव्या गाड्यांमधलं हब बेअरिंग कायमचं बंद असतं, त्यातून ग्रीस आलं म्हणजे सील गेलं आणि बेअरिंग बदलायचंच. सोबत विमानासारखी घूं घूं येते, वेग वाढला की वाढते. चाक उचलून वरच्या आणि खालच्या टोकाला हात धरून हलवायचं, खटखटलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाक आणि लोअर आर्म जोडणारा गोळ्याचा सांधा). डावा-उजवा हात धरून हलवलं आणि खटखटलं तर बहुतेक टाय रॉडचं (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोक. बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या छोट्या रबरी टोप्या फाटल्या की त्यांच्याच अंगाला थोडंसं ग्रीस चिकटून असतं, फेकलं जात नाही कारण त्या फिरत नाहीत.

ब्रेक ऑइल

इथं थांबून नीट वाचा. ब्रेक ऑइल ग्रीससारखं घट्ट नसतं, पातळ असतं, नवं असताना जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ, जुनं झालं की चहाच्या रंगाचं, धुळीत मिसळून काळंही होतं, आणि तिथंच लोक फसतात. ओळखायचा सोपा उपाय: कागदावर थोडं घ्या, पाण्यात बुडवा. आपल्याकडच्या गाड्यांत सहसा डॉट ३ किंवा डॉट ४ असतं, दोन्ही पाण्यात विरघळतात. ग्रीस विरघळत नाही, गिअर ऑइल वर तरंगतं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत पातळी मिनिममच्या खाली गेली का तेही बघा, मात्र ब्रेक पॅड झिजले तरी पातळी थोडी उतरते, म्हणून एकट्या पातळीवरून ठरवू नका.

मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये व्हील सिलिंडर (ब्रेक ढकलणारं छोटं सिलिंडर) गळलं की टायरच्या आतल्या बाजूला खालून ओल येते. पुढं असेल तर कॅलिपर किंवा रबरी पाइप. हे ऑइल रंग उतरवतं, मडगार्डच्या आतल्या रंगाला फुगवटे आलेले दिसले तर शंका पक्की. ब्रेकचं पेडल मऊ लागत असेल, खाली जात असेल तर गाडी ढकलून बाजूला लावा आणि मिस्त्रीलाच घरी बोलवा. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० पर्यंत परवानगी आहे, निघायच्या आधी लोक टायरची हवा बघतात, नारळ फोडतात, ब्रेक ऑइलची डबी कोणी बघत नाही.

मागच्या एक्सलचं ९० नंबर

बोलेरो, ईको, जुनी ओम्नी अशा मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाड्यांत एक्सलच्या टोकाला ऑइल सील असतं. ते गेलं की गिअर ऑइल ड्रममध्ये शिरतं. वास एकदा घेतला की विसरत नाही, गंधकाचा, सडक्या अंड्याकडे झुकणारा, कारण त्यात तसली मिसळ घातलेली असते. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

सील बदलून दोन महिन्यांत पुन्हा गळलं असं झालं तर मिस्त्रीला एक विचारा, एक्सलचा श्वासाचा बोंडा पाहिला का. एक्सलच्या नळीवर एक छोटं टोपीवालं छिद्र असतं, आतली हवा तापली की त्यातून निघते. चिखलानं ते बुजलं की दाब बाहेर पडायला जागा नाही, मग तो सीलमधून तेल ढकलतो. दर वेळी सीलला दोष.

तेल प्यायलेले ब्रेक लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारे) पेट्रोल टाकून पेटवायचे, रेतीकागद मारायचा न् परत बसवायचे, ही जुनी सवय आहे. वरून कोरडे दिसतात, गरम झाले की आतलं तेल पुन्हा वर येतं. नवीन लायनर घ्या, आणि दोन्ही बाजूंचे.

शॉकअपचं थोडक्यात. बॉडीवर हलकी तेलकट झाक आणि त्यावर धूळ असेल तर चालतं. तेल ओघळून खालच्या स्प्रिंगच्या वाटीपर्यंत आलं असेल तर गेला, आणि गेला तर डावा-उजवा जोडीनं बदलतात.

ग्रीस नसलेलं ग्रीस

उन्हाळ्यात बाहेरगावच्या डांबरी रस्त्यांवरून आलं की चाकामागे काळे ठिपके बसतात. हे डांबर, थंड झालं की टणक होतं, नखानं खरवडलं तर तुकडा निघतो, ग्रीस मात्र थंडीतही बोटाला पसरतं. वॉशिंग सेंटरवर टायरला चमक यायला पॉलिश मारतात, ते पहिल्या वळणावर दरवाज्याच्या खाली उडतं, तेलकट काळ्या रेघा दिसतात. काही ठिकाणी पावसाळ्याआधी गाडीखाली गंज नको म्हणून जुनं ऑइल फवारतात, मग आठवडाभर सगळं खालून टपकत असतं आणि निदान करणं अशक्य होतं. एसी चालू असताना डाव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ पडणारं पाणी हे पाणीच आहे, मे महिन्यात दहातल्या नऊ घाबरगुंड्या त्याच्याच.

घरी कसं बघायचं

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. चाक बाहेर निघाल्यासारखं होतं आणि मागून बूट दिसतो, डोकं घालायची गरज नाही, मोबाइल आत धरून टॉर्चसह व्हिडिओ काढा. दुसऱ्या बाजूला वळवून पुन्हा. बुटाच्या घड्या उघडून बघायला चाक जॅकनं उचलून हातानं फिरवावं लागतं, चीर घडीच्या तळाशी लपते. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, विटांचा ठोकळा लावून तर अजिबात नाही, वीट कधी फुटेल सांगता येत नाही.

काहीच कळत नसेल तर सगळं पुसून कोरडं करा, वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या, लगेच बघा. ताजा डाग लहान असतो आणि जिथून सुरू झाला तिथंच सगळ्यात जाड. रात्री खाली पुठ्ठा टाकून त्यावर चाकांच्या खुणा करून ठेवल्या तर सकाळी टपकणारं तेल कुठल्या चाकाचं ते कळतं. पुठ्ठा कोरडा आणि रिमच्या आत काळं, म्हणजे ग्रीस.

दुरुस्ती

नागपुरात घाट रोडला सुटा बूट, किट आणि आख्खं एक्सल सगळं मिळतं, किटमध्ये ग्रीसची पिशवी आणि क्लिपा आहेत का ते दुकानातच उघडून बघा. कापून चिकटवायचा बूटही येतो, एक्सल न काढता बसतो म्हणून लोकांना आवडतो, पण जोड टिकत नाही. बुटात डब्यातलं साधं चासीचं ग्रीस भरू देऊ नका, मॉलिब्डेनमचंच हवं, आणि जुनं पूर्ण पुसून, जॉइंट धुवून, सुकवून मग नवं. काम झालं की रिम, आर्म, शॉकअपवरचं जुनं उडालेलं ग्रीसही त्याच वेळी पुसून घ्या, नाहीतर महिन्यानं तोच डाग पुन्हा दिसेल आणि नवा बूट फाटला की जुनाच राहिला यावर गॅरेजात वाद घालत बसावं लागेल.