√९ म्हणजे ±३ नव्हे

"√९ चं उत्तर ±३, फक्त ३ लिहिलं तर अर्धे गुण जातात," हा मजकूर परीक्षेच्या दिवसांत हमखास फिरतो. इंदूरच्या आमच्या मराठी घरांत मुलं शाळेत 'वर्गमूल' शिकतात, घरी आजोबा 'वर्गमूळ' म्हणून समजावतात, आणि दोन्हीकडे हा गोंधळ सारखाच आढळतो. तो होणं स्वाभाविक आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे.

९ ला वर्गमुळे दोन आहेत, ३ आणि −३. दोघांचाही वर्ग ९ च येतो. म्हणून क्ष² = ९ या समीकरणाची उत्तरं दोन. पण √ हे चिन्ह त्यांपैकी ऋण नसलेलं एकच मूळ दाखवतं, असा संकेत आहे. म्हणजे √९ = ३, आणि ऋण मूळ हवं असेल तर −√९ लिहायचं.

ताळा घरीच करता येतो. वर्गसमीकरणाच्या सूत्रात √ च्या आधी ± लिहावंच लागतं. चिन्हातच दोन्ही मुळं असती, तर त्याची गरज काय होती? किंवा √४ + √९ घ्या. प्रत्येकी दोन किमती धरल्या तर ५, १, −१, −५ अशी चार उत्तरं येतील, मग बेरीज नेमकी किती म्हणायची? मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र अंगणातला आहे: एक फूट बाजूची चौरस रांगोळी काढा, कर्ण √२ फूट, म्हणजे साधारण १.४१ फूट भरतो. लांबी ऋण कशी असेल?