जुन्या पोलरॉइडच्या पोटातला फोटो टिकतो कसा?

सेकंडहँड पोलरॉइड, म्हणजे फोटो लगेच हातात देणारा कॅमेरा घ्यायचा, उत्साहाने झाकण उघडायचं आणि आतून कुणाच्या तरी फॅमिलीचा फोटो निघायचा, असं खरंच होतं. आई, वडील, मांडीवर बाळ, रंग जरा पिवळट. मग सगळे "हे कोण असतील" यात गुंततात, ते साहजिकच आहे म्हणा, पण मला त्याहून भारी प्रश्न वाटतो की हा फोटो इतकी वर्षं राहिला कसा. कारण इन्स्टंट फिल्मचं गणित साध्या रोलपेक्षा पार वेगळं आहे.

आधी साधा रोल बघू. शटर उघडलं की सिल्व्हर हॅलाइडच्या, म्हणजे प्रकाशाने बदलणाऱ्या चांदीच्या क्षाराच्या बारीक कणांवर प्रकाश पडतो आणि कणावर चांदीचे जेमतेम चार-पाच अणू एकत्र जमतात. बस्स, एवढंच. डोळ्याला काही दिसत नाही पण खूण झालेली असते, पुढे कधी डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं केमिकल मिळालं की तो अख्खा कण काळा पडतो. ही न दिसणारी खूण किती वर्षं थांबू शकते? १८९७ साली स्वीडनचे सॉलोमन आंद्रे दोन साथीदारांना घेऊन बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले, तिघंही परत आले नाहीत. १९३० मध्ये आर्क्टिकमधल्या क्विटोया बेटावर त्यांचा शेवटचा कॅम्प सापडला, त्यात फिल्म होत्या, आणि ३३ वर्षांनी स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या डेव्हलप केल्या तर चक्क ९३ फोटो वाचले! थंडीने मदत केली हे खरंच, पण डेव्हलपर ताजा होता हेही विसरू नका.

पोलरॉइडला नेमकी हीच सोय नाही. त्याचं केमिकल फिल्मसोबतच म्हातारं होतं.

पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांच्या छोट्या मुलीने १९४३ मध्ये विचारलं होतं म्हणे, की काढलेला फोटो लगेच का बघता येत नाही. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी इन्स्टंट फोटो जाहीरपणे काढून दाखवला, १९४८ च्या शेवटी कॅमेरा दुकानात आला. पण आपल्या डोळ्यासमोर जो पोलरॉइड येतो, म्हणजे पांढरी चौकट आणि कॅमेऱ्यातून सर्रकन बाहेर येणारा फोटो, तो १९७२ च्या एसएक्स-७० पासूनचा. त्या चौकटीची खालची पट्टी रुंद असते ना, ती काही शोभेसाठी नाही, तिच्यात केमिकलची चपटी पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रोलरमध्ये दाबला जातो, पुडी फुटते आणि ती घट्ट पेस्ट सगळीकडे एकसारखी पसरते.

आता खरी गंमत. फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात आणि प्रत्येकाच्या खाली अनुक्रमे पिवळा, मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि सायन (हिरवट निळा) रंग. या रंगाच्या रेणूलाच डेव्हलपर जोडलेला असतो. पेस्टमधल्या अल्कलीमुळे (आम्लाच्या उलट असलेल्या क्षारामुळे) रंग सुटा होऊन वर सरकायला लागतो, पण वाटेत प्रकाश पडलेला चांदीचा कण भेटला की त्याला डेव्हलप करण्यात तो स्वतः खर्ची पडतो आणि तिथेच अडकतो. जिथे प्रकाश पडलाच नाही तिथला रंग बिनधास्त वर पोचतो. म्हणजे आपल्याला दिसतो तो न अडकलेल्या रंगांचा फोटो, अडकलेले खाली निगेटिव्हमध्येच राहतात, मधे टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा पडदा. हे सगळं भर उजेडात चालतं कारण पेस्टमध्ये प्रकाश अडवणारा गडद डायही असतो, नंतर फिल्ममधला आम्लाचा थर अल्कली मारून टाकतो आणि तो डाय पारदर्शक होतो. फोटो हलवल्याने यातलं काहीही फास्ट होत नाही, उगाच हलवू नका.

तर कॅमेऱ्यात सापडलेला फोटो कुठला असेल? फोटो काढला पण बाहेरच आला नाही, असं होऊ शकतं, कारण एसएक्स-७० आणि नंतरच्या ६०० फिल्मच्या पॅकमध्येच ६ व्होल्टची चपटी बॅटरी असायची, ती मेली की मोटर बंद. पण असा फोटो बऱ्याच वर्षांनी बाहेर काढला तर पुडी बहुतेक वाळलेली असते, पेस्ट अर्धवट पसरते आणि चेहऱ्यांच्या जागी तपकिरी डाग येतात. म्हणून नीट चेहरे दिसणारा फोटो मिळाला तर तो तेव्हाच पूर्ण झालेला आणि कुणीतरी आत ठेवून दिलेला असण्याचीच शक्यता जास्त. सुरुवातीच्या रोलवाल्या मॉडेलमध्ये तर फोटो कॅमेऱ्याच्या आतच तयार व्हायचा, मिनिटभराने मागचं दार उघडून सोलून काढायचा, त्यामुळे तिथे विसरणं अजूनच सोपं. फक्त त्यातल्या बऱ्याच ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवर नंतर हाताने एक लेप फिरवावा लागायचा, तो राहिला की इमेज फिकी पडत जायची, आणि आत विसरलेल्या फोटोला लेप कोण लावणार!

रंगीत फोटोला मात्र कॅमेऱ्यातला अंधार मानवतो, उजेडाने रंग उडतात ते तिथे होत नाही. पिवळटपणा तरी येतोच, तो उजेडाचा नाही तर आत उरलेल्या केमिकलचा खेळ, अंधारातही चालू राहतो.

सापडलाच तर चौकट कापू नका, थर सोलू नका, पेस्ट ओली असेल तर ती कॉस्टिक, म्हणजे कातडी भाजणारी असते, हाताला लागू देऊ नका. आधी स्कॅन करून घ्या, कारण दुसरी कॉपी काढायला वेगळी निगेटिव्ह नसतेच, ती या फोटोच्याच पोटात आहे. कपडे आणि केस बघून साल ठरवण्याआधी पाठीमागे छापलेला नंबर बघा, फिल्म साधारण कधी बनली ते त्यावरून काढता येतं. फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही, नंतरचा मात्र कितीही असू शकतो, लोक फिल्मचा पॅक कपाटात वर्षानुवर्षं ठेवतात.