इंजिन एका मापाचे, इंधनाचा हिशेब दुसऱ्या मापाचा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांच्या हाती जुन्या परदेशी गाडीचे इंजिन बोअर करून, क्रँक घासून, हेडचे फेसिंग करून नव्यासारखे उभे राहते. तरीही अशी गाडी कधी चढावर दम टाकते आणि ॲक्सिलरेटर दाबताच इनटेकमधून फटके मारते. कॉम्प्रेशन आणि ठिणगी ठीक असूनही हे घडत असेल, तर गाडीतील इंधन इंजेक्शन याच इंजिनासाठी बनले होते का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

बॉशची डी-जेट्रॉनिक ही इंधन इंजेक्शनची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीतून बाजारात आली. इंजिनात किती हवा गेली, हे ती प्रत्यक्ष मोजत नाही. इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब, इंजिनाचा वेग आणि तापमान यांवरून तिचे कंट्रोल युनिट हवेचा अंदाज बांधते आणि त्यानुसार इंधन फवारणारा इंजेक्टर उघडा ठेवते. दाब ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये हवा काढून टाकलेल्या धातूच्या डब्या असतात. दाब बदलला की त्या फुगतात किंवा आक्रसतात, त्यांना जोडलेला लोखंडी गाभा तारेच्या वेटोळ्यात सरकतो आणि त्यावरून इंजेक्शनचा काळ ठरतो. कोणत्या दाबाला किती इंधन, हे गणित कारखान्यातच एका विशिष्ट इंजिनासाठी पक्के केलेले असते आणि चूक झाली तर एक्झॉस्टमधील ऑक्सिजनवरून ती सांगणारा ऑक्सिजन सेन्सर या यंत्रणेत नाही.

पोर्शे ९१४ चे उदाहरण घ्या. तिचे १.७ लिटरचे इंजिन १६७९ घनसेंटिमीटरचे, तर २.० लिटरचे १९७१ घनसेंटिमीटरचे आहे. पहिल्याची यंत्रणा जशीच्या तशी दुसऱ्यावर बसवली, तर तेवढ्याच दाबाला हवा सुमारे १७ टक्के जास्त जाते आणि इंधन मात्र जुन्याच हिशेबाने पडते. हवा आणि इंधनाचे आदर्श १४.७ ला १ हे वजनी प्रमाण १७ च्या पुढे सरकते, मिश्रण पातळ होते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बदलला असेल, तर उलटे घडू शकते: निर्वात कमी पडतो, सेन्सरला इंजिनावर भार आहे असे वाटते आणि संथ चालीत प्लग काळे पडतात.

यात इथल्या उसाचाही वाटा आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि त्याच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेला सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागते. पातळ मिश्रण आणखी पातळ होते. कोल्हापूरच्या सुमारे ५५० मीटर उंचीला मात्र फारसा दोष देता येत नाही, कारण हा सेन्सर निरपेक्ष दाब ओळखतो आणि विरळ हवेचा हिशेब बराचसा तोच सांभाळतो.

म्हणून तपासणीची सुरुवात इंजिन नंबर, बोअर आणि स्ट्रोक पाहण्यापासून करावी, १.७ ला ही मापे ९० आणि ६६ मिलिमीटर, तर २.० ला ९४ आणि ७१ आहेत. त्यानंतर कंट्रोल युनिट, दाबाचा सेन्सर आणि इंजेक्टर यांवरचे बॉशचे क्रमांक एकाच संचातले आहेत का, हे जुळवावे. मग टॅपेट, पॉइंट, टायमिंग, इनटेकमधली हवेची गळती आणि सुमारे २ बार इंधनदाब पाहावा. हातपंपाने सेन्सरवर निर्वात द्यावा. तो टिकला नाही, तर आतल्या पातळ पडद्याला बहुधा तडा गेलेला असतो आणि मिश्रण घट्ट होते, म्हणजे इंधन जास्त पडते. डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी इंजेक्टरना इशारा देणारे वेगळे पॉइंट असतात, तेही साफ करावेत. हे सारे होण्याआधी सेन्सरचा स्क्रू फिरवणे मला अजिबात मान्य नाही, कारण कारखान्याने लावलेले माप एकदा हलले की मूळ खूण हरवते.

संच जुळत नसेल, तर इंजिनाला साजेसा पूर्ण संच मिळवावा किंवा नवे प्रोग्रॅम करता येणारे कंट्रोल युनिट बसवावे, आणि एक्झॉस्टमध्ये वाइडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण सांगणारा ऑक्सिजन) सेन्सर लावून भाराखालचे मिश्रण मोजावे. इंधनाचे जुने रबरी पाइप त्याच वेळी इथेनॉलला टिकणारे घालावेत. २ बार दाबाचे पेट्रोल तापलेल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर ठिबकले, तर गाडीच पेट घेऊ शकते.