मनोरुग्ण कक्षातील आक्रमकता (ग्रामीण विदर्भ)

मानसोपचारासाठी भरती झालेल्या रुग्णाने शिवीगाळ करणे, धमकावणे, वस्तू फोडणे, स्वतःला इजा करून घेणे किंवा दुसऱ्याच्या अंगावर जाणे याला आक्रमकता म्हणतात. बहुतेक मनोरुग्ण कधीच कोणावर हात उगारत नाहीत. जो उगारतो, तोही सहसा भरतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत.

विदर्भातल्या खेड्यांतून गंभीर रुग्ण प्रामुख्याने नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात (स्थापना १८६४) येतात. आधी मांत्रिक, मग एखादे देवस्थान, आणि शेवटी ‘मामाच्या गावाला जाऊ’ असे सांगून जीपमध्ये घालणे, असा प्रवास अनेकांचा असतो. मनगटावर दोराचे वळ घेऊन आलेला माणूस सिस्टरने नाडी पाहायला हात धरला तरी झटकतो. केसपेपरवर मात्र ‘रुग्ण हिंसक’ एवढेच उतरते.

भास, संशय आणि उन्माद ही नेहमीची कारणे. दारू अचानक सुटली की २ ते ४ दिवसांत थरकाप, घाम आणि भ्रम सुरू होऊ शकतो. हाड मोडून भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाइन उपसून पळू लागतो, तो यामुळे. दारूबंदी असलेल्या वर्धा-गडचिरोलीतही हे कारण विसरून चालत नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया, तर कापूसपट्ट्यात फवारणीच्या विषबाधेवर दिलेले अ‍ॅट्रोपिन जास्त झाले तरी रुग्ण असाच बरळतो, ओढाताण करतो. तो मनोरुग्ण नसतो. आधी अंग आणि रक्त तपासायला हवे.

कक्षात ठिणगी मात्र साध्या गोष्टींवरून पडते: बिडी नाकारणे, जेवणाची रांग, कुलूपबंद दार. ‘मले घरी कधी नेता?’ या प्रश्नाला दिवसभरात चौथ्यांदा ‘उद्या’ म्हणणे, हे त्यांतले सर्वांत धोक्याचे. नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट सूची गोंधळ, चिडचिड, आरडाओरड, तोंडी धमकी, अंगावर जाण्याचा आविर्भाव आणि वस्तूंवर राग या ६ खुणांवरून पुढच्या २४ तासांचा अंदाज बांधते. मुरलेला वॉर्डबॉय हेच येरझारांवरून ओळखतो.

आवाज खाली ठेवून, दोन हात अंतर राखून, शक्यतो रुग्णाच्याच बोलीत बोलणे हा पहिला उपाय. त्यानंतर हॅलोपेरिडॉल व प्रोमेथाझिन या शांत करणाऱ्या औषधांचे इंजेक्शन. हॅलोपेरिडॉलने काहींच्या पायांत असह्य अस्वस्थता येते. तिलाच आक्रमकता समजून पुन्हा तेच औषध टोचण्याची चूक होते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार साखळीने बांधणे आणि एकांतकोठडी पूर्ण निषिद्ध आहे. तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच आणि तेवढ्यापुरते रुग्णाला जखडता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून नाही. जखडल्याचे रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांत कळवावे लागते. खेड्यातल्या रुग्णाच्या कागदावर पुष्कळदा शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानदाराचा मोबाइल नंबर असतो. ही सूचना मग दुकानातूनच घरी पोचते.